मोसंबीचा चोथा आणि कमी झालेला कडबा : अंबड तालुक्यातील एका गोठ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्यात हे प्रकरण घडले. ओळख पटू नये म्हणून गावाचा व माणसांचा तपशील वगळला आहे. कुटुंबाकडे चार एकर मोसंबीची बाग, नऊ म्हशी (त्यांपैकी सहा दुभत्या) आणि चौदा उस्मानाबादी शेळ्या होत्या. या भागात पशुवैद्यक म्हणून काम करताना या गोठ्यात माझे अनेक वर्षांपासून येणे-जाणे होते.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आंबे बहराची फळे उतरू लागली की या पट्ट्यात रस काढणाऱ्या केंद्रांमागे साल, गर आणि बियांचा ढीग साचू लागतो. पशुपालक त्याला सरसकट चोथा म्हणतात. त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. खरिपात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा केव्हाच घेतलेली असल्यामुळे घरचा कडबा तसाही कमी असायचा, आणि त्या हंगामात तर कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्या) विकत घेणे कुटुंबाला झेपेनासे झाले होते. अशा वेळी जवळच्या एका रस केंद्राने फक्त वाहतुकीच्या खर्चात चोथा न्यायला परवानगी दिली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ट्रॉली जोडली असती.

पूर्वी प्रत्येक दुभत्या म्हशीला दिवसाला सुमारे ७ किलो कडब्याची कुट्टी, १० किलो हिरवे नेपियर गवत, २ किलो सरकी ढेप आणि १ किलो मक्याचा भरडा मिळत असे. पहिली ट्रॉली आल्यापासून चार दिवसांत गव्हाण पार बदलली. कडबा २ किलोवर आला, हिरवा चारा निम्मा झाला, चोथा सकाळी एक टोपले आणि संध्याकाळी एक टोपले असा सुरू झाला, आणि दोन म्हशी नुकत्याच व्यालेल्या असल्याने भरडा सगळ्यांनाच २ किलो केला गेला. शिवाय बागेतील गळलेली फळेही गोठ्यात येऊ लागली. रस शोषणाऱ्या पतंगाने भोके पाडलेली फळे झाडाखाली पडू न देता गोळा करून पुरावीत, असा सल्ला बागायतदारांना दिला जातो. या कुटुंबाने फळे गोळा केली, पण खड्ड्याऐवजी म्हशींपुढे टाकली.

अडचण कशी वाढत गेली

सर्वांत आधी फरक ओळखला तो घरच्या सुनेने. धारा काढणे आणि शेण उचलणे ही दोन्ही कामे तिच्याकडे होती. चोथा सुरू झाल्यापासून सहाव्या दिवशी तिने सासऱ्यांना सांगितले, “मामा, शेण पातळ पडायलंय आन् आंबट वास यायलाय.” नवीन चारा आहे, चार दिवसांत बसेल, असे म्हणून तो विषय तिथेच थांबला. आठव्या दिवशी दूध संकलन केंद्रावर फॅट ६.९ वरून ५.८ वर आली आणि कुटुंबावर दुधात पाणी घातल्याचा संशय घेतला गेला. त्या संशयाने घरातील वडीलधारे फार दुखावले. मला बोलावले गेले ते या फॅटमुळे, शेणामुळे नव्हे.

नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा एक म्हैस ढेप अर्धवट टाकत होती, बाकीच्या वरवर ठीक दिसत होत्या. मी चोथ्याबद्दल विचारले. “दोन टोपली, साहेब,” असे उत्तर मिळाले. मी मनाशी एका टोपल्याचे ५ किलो धरले, म्हणजे दिवसाला १० किलो, आणि तेवढे फार नाही असे ठरवून टाकले. त्या एका म्हशीला पाचक पावडर दिली, चोथा थोडा कमी करा असे सांगितले आणि निघालो. टोपले वजन करून पाहिले नाही, कडबा किती उरला आहे हे विचारले नाही आणि उरलेल्या आठ म्हशींमागचे शेण पाहिले नाही. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू तो होता, आणि तिथे मी चुकलो.

अकराव्या दिवशी पहाटे फोन आला. तीच म्हैस उठत नव्हती, आणि रात्री दावे तोडून चोथ्याच्या ढिगावर गेलेल्या दोन शेळ्यांपैकी एक मरून पडली होती.

तपासणी आणि निदान

म्हशीचे डोळे खोल गेले होते, नाकपुडी कोरडी होती आणि रवंथ पूर्ण बंद होता. डाव्या कुशीवर मूठ दाबून हलवली की आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येत होता. निरोगी म्हशीचे कोठीपोट (चारा आंबवणारा पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा) दोन मिनिटांत साधारण दोन ते तीन वेळा आकुंचन पावते. इथे पाच मिनिटे कान लावूनही एकही लाट जाणवली नाही. नळी घालून काढलेला द्रव दुधट-करडा होता, त्याला तीव्र आंबट वास होता आणि पट्टीवर त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.२ आला. चाऱ्यावरच्या जनावरात तो साधारणपणे ६.२ ते ७ च्या दरम्यान असतो. नळीने काढलेल्या द्रवात लाळ मिसळते आणि लाळ क्षारधर्मी असते, त्यामुळे प्रत्यक्ष सामू याहूनही खाली असणार, हे गृहीत धरावे लागले. निदान आम्लधर्मी अपचनाचे, म्हणजे कोठीपोटात आम्ल फार वाढल्याने झालेल्या अपचनाचे होते.

त्यानंतर मी दोन दिवसांपूर्वी करायला हवे होते ते केले. ताणकाट्याला टोपले अडकवले. ओला चोथा भरलेले टोपले १० किलो भरले. प्रत्येक म्हशीच्या पोटात दिवसाला २० किलो चोथा जात होता, आणि गळलेली फळे वेगळी.

इथे एक गोष्ट नीट मांडायला हवी, कारण चोथ्यावर सगळा दोष टाकणे फार सोपे होते आणि ते खरे नव्हते. लिंबूवर्गीय चोथ्यात पेक्टिन (फळातील विरघळणारा तंतू) भरपूर असते. पेक्टिन कोठीपोटात वेगाने आंबते, परंतु त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होते आणि पोटाला जास्त घातक असलेले लॅक्टिक आम्ल धान्यातील स्टार्चच्या तुलनेत कमी तयार होते. म्हणूनच ब्राझील आणि अमेरिकेतील फ्लोरिडा येथे रस उद्योगातील चोथा वाळवून, त्याच्या गोळ्या करून, दुभत्या गायींना धान्याचा काही भाग बदलून दिला जातो. अमेरिकेत मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांत संत्र्याची साल व गर खाऊ घातल्यावर आतड्यातील ई. कोलाय आणि साल्मोनेला या रोगकारक जिवाणूंची संख्या घटल्याचेही आढळले आहे, आणि सालीतील सुगंधी तेलांचा त्यात वाटा मानला जातो. म्हणजे योग्य रूपात आणि योग्य प्रमाणात हा पदार्थ पोटाला उपकारक ठरू शकतो.

मग इथे पोट का बिघडले? माझ्या मते चार गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली म्हणजे कडबा. ओल्या चोथ्यात कोरडा अंश जेमतेम पाचवा हिस्सा असतो, त्यामुळे २० किलो चोथ्यातून सुमारे ४ किलो कोरडा अंश मिळत होता आणि तो कमी केलेल्या कडब्याइतकाच भरत होता. वजनाच्या हिशेबात पोट भरलेले होते. परंतु कडब्याचे लांब, चरबरीत तंतू जनावराला तासन्‌तास चघळायला लावतात. त्या चघळण्यातून लाळ सुटते, मोठ्या दुभत्या जनावरात दिवसाला १०० लिटर किंवा त्याहून अधिक, आणि त्या लाळेतील बायकार्बोनेट कोठीपोटातील आम्ल मारत राहते. चोथा मऊ असतो. तो चघळावा लागत नाही. आम्ल वाढवणारा पदार्थ आला आणि आम्ल मारणारी लाळ त्याच आठवड्यात घटली. फॅट का उतरली याचेही उत्तर इथेच होते, कारण तंतुमय चारा कमी झाला की दुधातील स्निग्धांश घटतो.

दुसरी गोष्ट मक्याचा दुप्पट झालेला भरडा. तिसरी म्हणजे गळलेली अख्खी फळे. त्यांच्यात रस आणि साखर शाबूत असते, आणि साखरेवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू चोथ्यातील पेक्टिनपेक्षा कितीतरी जोमाने वाढतात. चौथी म्हणजे ट्रॉली तीन दिवसांतून एकदा येत होती आणि ढीग उघड्यावर पडून असे. हात घातला तर तो आतून गरम लागत होता, आणि वरच्या थरावर हिरवी-निळी बुरशी होती.

कोठीपोटात न पचलेला भाग पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबत होता, याचा पुरावा शेणात होता. मी नऊही म्हशींचे शेण चाळणीवर धुऊन पाहिले. सात म्हशींच्या शेणात फेस होता, पाच म्हशींच्या शेणात मक्याचे अख्खे तुकडे, आणि दोघींच्या शेणात आतड्याच्या अस्तराची चिकट, दोरीसारखी आव. आजारी म्हैस एकच आहे असे मी दोन दिवसांपूर्वी समजलो होतो. प्रत्यक्षात संपूर्ण गोठा त्याच वाटेवर होता.

मेलेल्या शेळीचे शवविच्छेदन जागेवरच केले. पोटात आंबट द्रव आणि सालींचा लगदा होता, आणि कोठीपोटाचे अस्तर हाताने सोलले जात होते. मात्र मृत्यूनंतर काही तासांनी अस्तर आपोआपही सुटू लागते, त्यामुळे केवळ त्यावरून मी निष्कर्ष काढला नाही. साखरेचा पदार्थ अचानक खाल्ल्यावर शेळ्यांत आंत्रविषारही (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) असाच झटकन मारतो, आणि या कळपाचे त्या वर्षीचे आंत्रविषाराचे लसीकरण राहून गेले होते. आतड्याचा नमुना प्रयोगशाळेत न पाठवल्याने दोन शक्यतांपैकी एक निवडता आली नाही.

कोणते पर्याय होते

पडलेल्या म्हशीबाबत फारसा विचार करायला वाव नव्हता. प्रश्न होता उरलेल्या आठ म्हशींचा आणि अंगणात पडलेल्या ट्रॉलीभर चोथ्याचा.

घरच्या कर्त्या मुलाचे म्हणणे होते की चोथा निम्मा करावा आणि सोबत खाण्याचा सोडा द्यावा, म्हणजे कडबा विकत घ्यावा लागणार नाही. त्यात तथ्य होते. परंतु सोडा हा लाळेची जागा काही दिवस भरून काढतो, कडब्याची नाही. आणि बुरशी लागलेला चोथा निम्मा दिला तरी बुरशी लागलेलाच राहतो. आजोबांना चोथा कायमचा बंद करायचा होता, आणि शेळी गेलेल्या घरात ती भावना स्वाभाविक होती. पण तसे केले असते तर पुढच्या पाच महिन्यांचा चारा कुठून आणायचा, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला असता आणि त्याची किंमत बहुधा दोन म्हशी विकून मोजावी लागली असती.

वाळवण्याचा पर्याय मला सर्वांत पटत होता. परंतु अवकाळी पावसाचे ढग होते, आणि सालीचे जाड तुकडे खळ्यावर पूर्ण वाळेपर्यंत बुरशीने गाठले असते. शेवटी राहिला तो मुरघास : ताजा चोथा सोयाबीनच्या कोरड्या गुळीत (मळणीनंतर उरलेल्या भुशात) मिसळून हवाबंद करणे. गुळी गावात जवळपास फुकट मिळत होती, हे या पर्यायाच्या बाजूने गेले. अडचण इतकीच की मुरघास तयार व्हायला साधारण ४५ दिवस लागतात, आणि म्हशी आज भुकेल्या होत्या.

म्हणून आम्ही निर्णयाचे तुकडे केले. सगळ्यांचा चोथा, गळलेली फळे आणि मक्याचा भरडा पाच दिवस पूर्ण बंद. त्या दिवसांपुरता कडबा विकत. त्यानंतर फक्त ताजा चोथा, मोजून, हळूहळू. उरलेला चोथा मुरघासात.

काय केले

पडलेल्या म्हशीचे वजन अंदाजे ४५० किलो होते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम या हिशेबाने ४५० ग्रॅम खाण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून नळीने कोठीपोटात सोडला, आणि बारा तासांनी निम्मी मात्रा दिली. शिरेतून सलाईन, सोबत जीवनसत्त्व बी-१. मी पोहोचण्यापूर्वी घरच्यांनी गूळ-ओवा दिला होता. साध्या अपचनात हा उपाय घरोघरी चालतो, परंतु आम्लधर्मी अपचनात गूळ म्हणजे त्याच जिवाणूंना आणखी साखर, आणि हे मी त्यांना दोष न देता पण अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले.

दुसऱ्या दिवशी सामू ६ च्या वर आला तरी पोट हलेना, कारण आतले उपयोगी सूक्ष्मजीव मेलेले होते. शेजाऱ्यांचा केवळ कडब्यावर असलेला एक निरोगी बैल होता. त्याच्या कोठीपोटातून नळीने सुमारे ६ लिटर द्रव काढला, कापडातून गाळला आणि कोमट असतानाच म्हशीला दिला. आजींना यात नवल वाटले नाही; चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथ काढून आजारी जनावराला चारल्याचे त्यांनी लहानपणी पाहिले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हशीने कडब्याची काडी चघळली आणि रात्री रवंथ सुरू केला.

उरलेल्या आठ म्हशींना दहा दिवस रोज १०० ग्रॅम सोडा आंबोणातून दोन वेळांत विभागून दिला. सहाव्या दिवसापासून चोथा परत सुरू केला : प्रथम २ किलो, दर तीन दिवसांनी १ किलो वाढ, आणि कमाल मर्यादा ८ किलो. आधी कडबा, अर्ध्या तासाने चोथा. सालीचा वास दुधाला लागू नये म्हणून चोथा धार काढून झाल्यावरच द्यायचा असे ठरले. कडबा कोणत्याही परिस्थितीत ५ किलोच्या खाली जाणार नाही, ही अट मी घातली आणि ती दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवली. मक्याचा भरडा परत सुरू करताना १ किलोच्या वर जाऊ दिला नाही.

खनिजांकडेही पाहावे लागले. लिंबूवर्गीय चोथ्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी असतो. नुकत्याच व्यालेल्या म्हशीत फॉस्फरस घटला की लाल लघवीचा आजार उद्भवतो. कुटुंब बाजारातील कॅल्शियमची बाटली पाजत होते. ती थांबवून फॉस्फरसयुक्त खनिज मिश्रण आणि १ किलो गव्हाचा कोंडा सुरू केला.

गळलेली फळे मात्र कायमची बंद केली. साखर हे एक कारण होते. अख्खे गोल फळ अन्ननलिकेत अडकून पोटफुगी होण्याचा धोका हे दुसरे. आणि पतंगासाठी बागेत गूळ व मॅलाथिऑनचे विषारी आमिष ठेवले जाते, हे तिसरे. त्याच्या आसपास पडलेले फळ जनावराच्या तोंडी जाता कामा नये.

मुरघासासाठी ८०० किलो ताज्या चोथ्यात २०० किलो गुळी मिसळली, म्हणजे कोरडा अंश ३३ टक्क्यांच्या आसपास गेला. गुळी नसती तर चोथ्यातील पाणी तळाशी साचून पिशवी सडली असती.

परिणाम

आजारी म्हैस उपचारांच्या सहाव्या दिवशी पूर्ण चारा खाऊ लागली. ती आजारापूर्वी दिवसाला ९ लिटर दूध देत होती. त्या वेतात ती साडेसातच्या वर गेली नाही. तीन आठवड्यांनी ती मागच्या पायांवर जपून उभी राहू लागली, खुरे गरम लागत होती. कोठीपोटातील आम्लाचे खुरांवर होणारे परिणाम असे उशिरा दिसतात, आणि त्याची पूर्वसूचना मी घरच्यांना दिली नव्हती. त्यांना तो नवाच आजार वाटला.

बाकीच्या म्हशींचे शेण चार दिवसांत घट्ट झाले आणि सुमारे दोन आठवड्यांत फॅट ६.७ वर स्थिरावली. चोथा ८ किलोवर गेल्यानंतरही ती टिकली. दुसरी शेळी वाचली. कळपाला आंत्रविषाराची लस दिली आणि ढिगाभोवती तारेची जाळी लावली.

मुरघासाच्या दोन पिशव्यांपैकी पहिली वाया गेली. तिचे तोंड सैल बांधले गेले होते आणि वरचा हातभर थर बुरशीने काळा झाला होता. कुटुंबाला खालचा भाग वापरायचा होता. मी नको म्हणालो, आणि तो उकिरड्यावर गेला. दुसरी पिशवी ४८ व्या दिवशी उघडली. तिचा वास लोणच्यासारखा स्वच्छ आंबट होता, सामू ४ च्या जवळ. म्हशींनी पहिले दोन दिवस तोंड फिरवले, नंतर गव्हाण चाटून पुसली.

काय वेगळे करता आले असते

कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर बदल चार दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांत करणे शक्य होते, कारण पहिली ट्रॉली आली तेव्हा घरात अजून महिनाभराचा कडबा शिल्लक होता. कडबा वाचवून ठेवावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु चोथा अंगवळणी पडेपर्यंतच त्या कडब्याची सर्वांत जास्त गरज होती, आणि नेमका तेव्हाच तो झाकून ठेवला गेला.

माझ्या बाजूने पाहिले तर नवव्या दिवशी ताणकाटा माझ्या गाडीतच होता. शिवाय मी प्रश्न विचारले ते ओसरीवर बसलेल्या पुरुषांना. गोठ्यात उभ्या असलेल्या सुनेला विचारले असते तर शेणाचा वास, पातळपणा आणि कोणती म्हैस किती वेळ रवंथ करते हे तिने दिवसवार सांगितले असते. तिने ते अकराव्या दिवशी सांगितले, तारखांसह. फॅटची घसरण आणि शेणातील बदल एकत्र ठेवले असते तर रोगनिदान दोन दिवस आधी झाले असते आणि शेळीही कदाचित वाचली असती.

शेळीचा नमुना परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवायला हवा होता. म्हैस वाचवण्याच्या धावपळीत ते राहिले, आणि लस चुकल्याने शेळी गेली की चोथ्याने, हा प्रश्न त्या कुटुंबासाठी उघडाच राहिला.

तालुक्यात आता सीताफळाचा गर काढणारी छोटी केंद्रेही दिसू लागली आहेत, आणि तिथला टाकाऊ माल नेता येईल का, असे याच कुटुंबाने मला पुढच्या हंगामात विचारले. सीताफळाच्या बिया विषारी असतात, कीटकनाशक म्हणून त्यांची पूड वापरली जाते. त्यामुळे मी सरळ नकार दिला. या वेळी मात्र विचारणा ट्रॉली जोडण्यापूर्वी आली होती, आणि फोन सुनेने केला होता.